भागाची मूठ

एक होता राजा. तो या गोष्टीत दोनदाच येतो, पाणी पितो आणि जातो. बाकी त्याचं काही काम नाही. पण राजाशिवाय गोष्ट सुरू केली की आपला तान्या कुरकुरतो, म्हणून राजा. तान्या, पाय आत घे. गारठा आहे.

तर एक होतं गाव. गावाच्या डोक्यावर डोंगर, आणि डोंगरावरून पायऱ्यांसारखी खाली उतरत आलेली भाताची खाचरं. खाचर म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेलं शेत, पाणी धरून ठेवणारं. सगळ्यात वरचं खाचर बाबल आजाचं. मग धोंडू आजाचं. मग बाकीच्यांची. खालून दुसरं गणू आजाचं. आणि अगदी तळाशी, जिथे सगळ्यांचं भागून उरलेलं पाणी झिरपत येतं, तिथे येसूचं.

येसू पंधरा वर्षांची. बाप नव्हता. आईचे गुडघे गेलेले, ती दारात बसून तांदूळ निवडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ताक द्यायची. झोपडी खाचराच्या बांधाला टेकलेली. खाचर गेलं की झोपडी गेली, इतकं ते सोपं होतं.

बाबल, धोंडू आणि गणू हे तिघे गावाचे पंच. पंच का? तर म्हातारे म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. म्हातारी माणसं शहाणी असतात असं तुम्हाला सगळे सांगतात. असतीलही काही. हे तिघे नव्हते. दिवसभर पारावर बसायचे आणि कुणी काहीही विचारलं की म्हणायचे, "आम्हाला ठाऊक आहे." एवढंच काम, पण ते फार मन लावून करायचे बरं का.

त्या गावात एक रीत होती. लावणी संपत आली की रोपांची शेवटची मूठ खाचराच्या ओल्या कोपऱ्यात लावायची. कशीही, वाकडीतिकडी. आणि कापणीला सगळं भात कापलं तरी तो कोपरा उभाच ठेवायचा. त्याला विळा लावायचा नाही. त्या मुठीला म्हणायचे भागाची मूठ. कुणाचा भाग? ते कुणी विचारलंच नव्हतं. आजी लावायची म्हणून आई लावायची, आई लावायची म्हणून येसू.

मग एकदा काय झालं, कापणी उरकली होती आणि राजा त्या वाटेने चालला होता. त्याला लागली तहान. येसूच्या आईने तांब्या पुढे केला. पाणी पिता पिता राजाला दिसलं की प्रत्येक खाचर कापलेलं आहे, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात चार लोंब्या डोलत उभ्या आहेत.

"हे कापायचं विसरलात का?"

तिघे पंच धावत आले. धोंडू आजा काठी टेकत, खेकड्यासारखा आडवा आडवा.

"विसरलो नाय महाराज, ती भागाची मूठ."

"कुणाचा भाग?"

"पितरांचा," बाबल आजा म्हणाला. "पाखरांचा," धोंडू आजा म्हणाला. "राखणदाराचा," गणू आजा म्हणाला. तिघे एकदमच बोलले. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

राजा हसला. "ज्याला जेवायला वाढता, त्याचं नाव ठाऊक नाही? तीन वर्षांनी याच वाटेने येईन. तेव्हा सांगा." तांब्या ठेवला आणि गेला.

आता बघा, राजाने काही दंड केला नाही, कुणाला फटके मारले नाहीत. नुसता हसला. पण म्हाताऱ्यांना भूक सोसते, ऊन सोसतं, कुणी हसलेलं नाही सोसत. तिघे पारावर बसले आणि संध्याकाळी फर्मान काढलं. भागाची मूठ बंद. कुणाचा भाग ते ठरेपर्यंत कुणी लावायची नाही. आणि आपल्या खाचरांत जो जो फुकट राहतो, तो कामाचा की बिनकामाचा, तेही एकदाचं ठरवून टाकायचं. बिनकामाचा निघाला की डोंगरापलीकडे.

गावात आणखी एक नियम आधीपासून होता. ज्याच्या खाचरातून सलग तीन वर्षं खळ्यावर दाणा आला नाही, त्याचं खाचर पंचांच्या ताब्यात. येसूची आई म्हणाली, "आपल्याला काय त्याचं? आपल्याकडे दरवर्षी पिकतं."

पिकत होतं खरं. तोवर.

मग आलं पहिलं वर्ष. लावणी झाली, कोपरे मोकळे राहिले. तिघे पंच बांधावर बसले. पुढ्यात बांबूचे दोन हारे, माणूस मावेल एवढाल्या टोपल्या, एक कामाच्यांचा, एक बिनकामाच्यांचा. पहिला सापडला बेडूक.

"हा रात्रभर ओरडतो, झोपू देत नाय," बाबल आजा म्हणाला. बेडूक बिनकामाच्या हाऱ्यात. बाबल आजा स्वतः असा घोरायचा की शेजारची म्हैस दावं तोडून पळायची. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

"पण तो किडे खातो," धोंडू आजा म्हणाला. बेडूक कामाच्या हाऱ्यात.

"पण त्याला खायला साप येतो." बिनकामाच्या.

"पण साप उंदीर खातो." कामाच्या.

"पण साप चावला तर?"

"चावला तर साप चावला. त्यात बेडकाचा काय दोष?"

"मग सापाला बोलावलं कुणी?"

"म्हणजे बेडूक वाईट?"

"बेडूक चांगला. पण बेडूक असणं वाईट."

बेडूक इकडून तिकडे, तिकडून इकडे. दुपारपर्यंत त्याला भोवळ आली. काय, चिंगे? बेडूक चांगला की वाईट? मला काय विचारतेस. त्या तिघांची वयं मिळून सव्वादोनशे होती, त्यांना सांगता आलं नाही.

येसू खालच्या बांधावर उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आजा, कळत नाय तर राहू दे की त्याला."

झालं. "कळत नाय? आम्हाला?" बाबल आजाने बेडूक उचलला आणि आपटला बिनकामाच्या हाऱ्यात. कळत नाही असं पोरीने म्हटलं, म्हणून ठरलं. बाकी काही कारण नाही. सगळे बेडूक गोळा झाले आणि हारे भरभरून डोंगरापलीकडे गेले.

मग पडले तुडतुडे. एवढेसे किडे, तिळाएवढे, रोपाच्या बुडाशी बसून रस ओढणारे. वरच्या खाचरांत माणसं पुष्कळ, त्यांनी पाला पेटवून धूर केला. धूर गेला वर आणि तुडतुडे आले खाली, येसूच्या खाचरात. भात जागच्या जागी करपलं. त्या वर्षी वरच्यांना अर्धं पिकलं आणि येसूला काहीच नाही. मायलेकींनी डोंगरातले कंद उकडून खाल्ले.

मोठी माणसं चुकली की थांबत असतील, असं वाटतं ना तुम्हाला? थांबत नाहीत. तेच आणखी जोरात करतात.

मग आलं दुसरं वर्ष. या वेळी खेकडा. खेकडा बांधात बिळं करतो, बिळांतून पाणी खाली गळतं. बिनकामाचा. पण खेकड्याचा रस्सा गणू आजाला फार आवडायचा, म्हणून कामाचा. मग धोंडू आजा म्हणाला, "ह्याला सरळ चालता येत नाय. सरळ न चालणाऱ्याचा काय भरवसा?" असं म्हणून तो उठला आणि आडवा आडवा चालत खेकडा फेकून आला.

एकूण एक बीळ चिखलाने बुजवलं. वरून धोपटून गुळगुळीत केलं. पाण्याचा थेंब गळेना. तिघे खूश झाले.

येसूला मात्र पाणी मिळायचं ते त्याच बिळांतून. हे तिलाही ठाऊक नव्हतं बरं का, कुणालाच नव्हतं. भादव्यात पाऊस उघडला आणि तिचं खाचर तडकलं. भेगांत हात जाईल एवढं. आणि वर? वर पाणी साठून साठून भाताची मुळं कुजली. खाली पाण्यावाचून मेलं, वर पाण्यात मेलं. पंच म्हणाले, "दैवाचा फेरा." आपली चूक असली की ती दैवाची असते.

येसूचं दुसरं वर्ष कोरडं. आता एकच राहिलं.

मग आलं तिसरं वर्ष. बेडूक नव्हते, खेकडे नव्हते, उरली होती धामण. लांबच लांब, बांधावरून सळसळत जाणारी. "ही न विचारता घरात शिरते आणि गोठ्यातलं दूध पिते," गणू आजा म्हणाला. खरंच पिते का? कुणी पाहिलं नव्हतं. गणू आजा न विचारता घराघरांत शिरून ताक प्यायचा, ते मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. काठ्या आपटून धामणीला डोंगरापलीकडे हाकलली. त्याच आठवड्यात उंदरांनी गणू आजाच्या बांधात पोरंबाळं घातली.

येसूने लावणी केली. शेवटी हातात एक मूठ उरली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग वाकून ओल्या कोपऱ्यात लावून टाकली.

"कुणासाठी गो?" वरच्या बांधावरून गणू आजा ओरडला.

"ठाऊक नाय, आजा. हातात राहिली. टाकू कुठे?"

"लावू नकोस सांगितलंय ना?"

"मग उपटा येऊन." गणू आजा काही चिखलात उतरला नाही.

आता नीट ऐका. झोपलात का? नाही ना?

त्या दिवशी तिन्हीसांजेला डोंगरावरून बेडूक आला. दमलेला, पोट खपाटीला गेलेलं. कोपऱ्यापाशी थांबला. "ही मूठ माझी का?"

येसू म्हणाली, "ठाऊक नाय. असेल. बस." बेडूक आत गेला. त्याच्यामागून त्याचे भाऊबंदही आले.

चार दिवसांनी भर दुपारी खेकडा आला. "माझी का?"

"बेडूकही हेच विचारत होता. बस."

आणि मग एका पहाटे धामण आली. येसू घाबरली. मीही घाबरले असते. धामण म्हणाली, "माझी असली तर मी बसेन. पण सांगून ठेवते, आत बेडूक आहे, मी त्याला खाईन."

येसूला काही सुचेना. बस म्हणावं तर बेडूक जातो. जा म्हणावं तर ही कुठे जाणार? बेडकाला राखावं की धामणीला? ती चिखलात उभी राहिली, डोकं खाजवत, अगदी त्या तिघांसारखी गोंधळून. शेवटी म्हणाली, "मला नाय ठरवता येत. तुमचं तुम्ही बघा."

धामण आत शिरली. शिरली ती शिरतच गेली. चार वितीचा तो कोपरा, एवढी लांब धामण, पण कोपरा काही भरेना. आतून बेडूक ओरडला, तो खोल विहिरीच्या तळातून ओरडावा तसा, लांबून. येसूने रोपांमध्ये हात घातला. कोपरापर्यंत गेला. खांद्यापर्यंत गेला. तळ लागेना. तिने हात काढून घेतला आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय?

धामणीने एखादा बेडूक खाल्लाही असेल. खोटं कशाला बोलू? बाकीचे ओरडत राहिले.

मग हळूहळू तुडतुडे कमी झाले. खेकड्याने गणू आजाच्या बांधाला बीळ पाडलं आणि येसूच्या खाचरात पाणी आलं, टप टप, टप टप. वरच्या खाचरांतलं साचलेलं पाणीही हललं, पण तिथे फार उशीर झाला होता. धामण बांधावर हिंडायची, उंदीर येसूच्या खाचराकडे फिरकत नव्हते. दिवाळीच्या तोंडावर तिच्या लोंब्या जड होऊन वाकल्या. वरच्यांच्या लोंब्या ताठ उभ्या. ताठ का? तर आत दाणाच नव्हता, नुसती फोलपटं.

मग आले तिघे, हारे घेऊन. मागून सगळं गाव.

"तू आमचं पाणी चोरलंस."

"मी नाय. खेकड्याने बीळ पाडलं."

"म्हणजे खेकडा आहे! आणि बेडूक ओरडतोय तो कुठे? ह्या कोपऱ्यात? हा कोपरा आत्ताच्या आत्ता रिकामा करायचा."

"आजा, अजून आठ दिवस आहेत कापणीला. आत्ता कोपरा रिकामा केलात तर उंदीर एका दिवसात भात नेतील. माझं तिसरं वर्ष आहे."

"मग? नियम नियम आहे."

येसूची आई दारातून म्हणाली, "गणूभावजी, माझ्या हातचं ताक किती वर्षं प्यालात हो?" गणू आजाने मान फिरवली आणि उगाच आभाळाकडे बघितलं.

येसू कोपऱ्याच्या आडवी उभी राहिली. रडू येत होतं, पण ती म्हणाली, "बरं. काढा. पण तुमच्याच नियमाने काढा. एकेक काढायचा, नाव सांगायचं, कामाचा की बिनकामाचा ते ठरवायचं, मगच हाऱ्यात टाकायचा. एकजण जरी न ठरवता टाकलात, तर नियम मोडला."

"त्यात काय! आम्हाला ठाऊक आहे," तिघे म्हणाले आणि बसले.

निघाला बेडूक. निघाला खेकडा. निघाली धामण, निघतच राहिली. मग निघाला एक लाल पायांचा किडा.

"हा कोण?"

"हा... हा तो."

"तो कोण?"

कुणालाच नाव येईना. तो बांधावर ठेवला. मग काचेच्या पंखांचा एक. मग पाण्यावर चालणारा. मग नखाएवढी निळी गोगलगाय. मग दोन बोटांचा मासा, ज्याला मिशा होत्या. मग असे, ज्यांना डोकं कुठलं आणि शेपूट कुठली तेच कळेना. शंभर झाले. सातशे झाले. चार वितीच्या कोपऱ्यातून येतच राहिले. बाबल आजाच्या दाढीत काही चढले, धोंडू आजाच्या काठीवर ओळीने बसले.

"हा मघाशी झाला ना?"

"तो वेगळा. त्याला ठिपके होते."

"ह्यालाही ठिपके आहेत."

"मग तो हाच. नाय, हा तो नव्हे."

"अरे, पण कामाचा हारा कुठला?"

"हा."

"हा कसा? तो!"

तेही विसरले. तिघांना भोवळ आली, पहिल्या वर्षी बेडकाला आली होती तशीच.

येसूने विचारलं, "बाबल आजा, बेडूक बिनकामाचा का ठरवलात?"

"रात्रभर ओरडतो म्हणून."

गर्दीतून एक बाई म्हणाली, "आणि हे घोरतात ते? आमची म्हैस तीनदा पळाली!" सगळं गाव खो खो हसलं. बाबल आजाने इकडे तिकडे पाहिलं. मग नियम तो नियम, गपचूप उठला आणि एका हाऱ्यात जाऊन बसला.

"आणि खेकडा?" धोंडू आजा उठला. आपल्या पायांकडे बघितलं आणि आडवा आडवा जाऊन बाबल आजाच्या शेजारी बसला. गणू आजाला तर कुणी विचारायच्या आधीच तो हाऱ्यात चढला. कोणत्या हाऱ्यात? कामाच्या की बिनकामाच्या? ते कुणालाच ठाऊक नव्हतं आता.

पोरांनो, मी असते तर उचलला असता तो हारा आणि दिला असता डोंगरापलीकडे भिरकावून. खरं सांगते. दोन वर्षं कंद खाल्ले होते त्या पोरीने. येसूच्याही मनात तेच आलं. तिने हाऱ्याचा काठ धरला. तिने विचार केला, हे तिघे कशाला लागतात? काही सापडेना. पुन्हा विचार केला. तरी सापडेना. एवढ्यात त्या निनावी किड्यांतला एक तिच्या हातावर चढला, आणि तोही कशाला लागतो ते तिला सांगता आलं नसतं.

तिने काठ सोडला.

"उतरा, आजा. तुम्ही कशाला लागता ते मला ठाऊक नाय. पण ठाऊक नाय म्हणून फेकायला लागले, तर मीही उरायची नाय. उतरा."

तिघे उतरले. हारे तिथेच पालथे पडले आणि सगळे आपापले पुन्हा कोपऱ्यात गेले. नावाचेही गेले, बिननावाचेही.

आठ दिवसांनी येसूने भात कापलं. कोपरा सोडला. खळ्यावर दाण्यांचा ढीग पडला, आणि येसूची आई गुडघे धरत, एकेक पाऊल टाकत तो बघायला आली. खाचर राहिलं, झोपडी राहिली. त्या ढिगातलंच बियाणं पुढच्या वर्षी वरच्या सगळ्या खाचरांत गेलं. बाबल आजा मागायला आला तेव्हा दारात बराच वेळ नुसता उभा होता. येसूने त्याला तसाच उभा राहू दिला थोडा वेळ. मग दिलं.

आणि हो, राजा. राजा आला. त्याला तहान लागली होती. पाणी पिता पिता म्हणाला, "काय पंच, कुणाचा भाग?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघे एकदमच म्हणाले, "ठाऊक नाय, महाराज." जन्मात पहिल्यांदा तिघांचं उत्तर एक आलं.

राजाने येसूकडे पाहिलं. येसू म्हणाली, "ज्याचं नाव आम्हाला ठाऊक नाय, त्याचा."

"म्हणजे कुणाचा?"

"तेच तर, महाराज."

राजा हसला नाही. तांब्या ठेवला आणि घोड्यावर बसला. डोंगर उतरेपर्यंत पुटपुटत होता म्हणे, "म्हणजे कुणाचा? म्हणजे कुणाचा?" अजून पुटपुटत असेल.

मग गावाने पोटभर भात खाल्ला. बेडूक ओरडले, बाबल आजा घोरला, म्हैस पळाली, आणि सगळे सुखाने झोपले. गोष्टीतला एक कोपरा मीही न कापता उभा ठेवलाय. कुणासाठी ते नको विचारूस, तान्या. डोळे मीट. चिंगी बघ, कधीच झोपली.